सायकलीच्या मागच्या चाकाला किती दाती फ्रीव्हील घ्यावे?

ऊस, पाणी, खत आणि दर सोडून सायकलीवर लेख कशाला, असे काही सभासद बंधू विचारतील. त्यांचे विचारणे रास्तच आहे. परंतु आपल्या कार्यक्षेत्रातील वाड्यावस्त्यांवरून पहाटे डेअरीला जाणारे दूध अजूनही कितीतरी घरी सायकलीवरूनच जाते. वैरणीचा भारा, वाढ्याची मोळी, गिरणीचे दळण, रात्री-अपरात्री लाईट आली म्हणून पंप चालू करायला मळ्यात मारायची चक्कर, ही कामे सायकल निमूटपणे करते. मोटारसायकल घरोघर आली हे खरे. पण ती थोरल्याने तालुक्याला नेली की दारात उरते ती सायकलच. शिवाय शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून ज्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या, तेथे तर शाळा सुटू नये यासाठी सायकल हेच साधन ठरले. तेव्हा हे आपल्या घरचेच काम आहे.

आता मुद्द्यावर येऊ. "सायकल जड जाते" ही तक्रार आपण सगळेच ऐकतो. मग कोणी हबमध्ये ग्रीस भरतो, कोणी टायर बदलतो, कोणी वयाला बोल लावतो. हवा कमी असणे, छर्रे झिजणे ही कारणे असतातच. ती आधी पाहावीत, कारण त्याला पैसा लागत नाही. पण हे सगळे ठाकठीक असूनही चढाला जीव मेटाकुटीला येत असेल, तर एक गोष्ट कोणीच पाहत नाही. मागच्या चाकाला दात किती आहेत, हे मालकाला ठाऊकच नसते! बैलाच्या तोंडातले दात मोजून मगच पैसे मोजणारे आपण, सायकलीचे दात मात्र कधी मोजत नाही.

साधी एक गिअरची सायकल घ्या. पुढे पायडलाजवळ मोठे दातेरी चक्र असते, त्याला चेनव्हील म्हणतात. मागच्या हबवर छोटे दातेरी चक्र असते, ते फ्रीव्हील. आपल्याकडे बोलताना 'फ्रीवेल' म्हणतात. दोघांना चेन जोडते. काळ्या दणकट सायकलींना पुढे बहुधा ४४ किंवा ४८ दात आणि मागे १८ दात असतात. तरी ऐकीव आकड्यावर जाऊ नये. खडूची एक खूण करून दात स्वतः मोजावेत. दोन मिनिटांचे काम आहे.

पुढे ४४ आणि मागे १८ दात असले की पायडलाच्या एका पूर्ण फेऱ्यात मागचे चाक ४४ भागिले १८, म्हणजे सुमारे २.४४ फेरे फिरते. २८ इंची चाकाचा घेर साधारण २२३ सेंटिमीटर भरतो. म्हणजे पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४६ मीटर पुढे जाते. हाच हिशेब मागचे दात बदलून केला तर असे येते:

पुढे ४४, मागे १६ : ६.१४ मीटर
पुढे ४४, मागे १८ : ५.४६ मीटर
पुढे ४४, मागे २० : ४.९१ मीटर
पुढे ४४, मागे २२ : ४.४७ मीटर

पुढे ४८ दात असले तर १८ ला ५.९६, २० ला ५.३६ आणि २२ ला ४.८७ मीटर. यावरून एक गंमत ध्यानात येईल. ४८ ला २० लावले काय किंवा ४४ ला १८ लावले काय, चाल जवळजवळ सारखीच. म्हणून शेजाऱ्याच्या सायकलीला २० दाती आहे म्हणून मलाही २० दाती द्या, असे दुकानात सांगण्यात अर्थ नाही. त्याच्या पुढचे दात किती, हे आधी बघावे.

जुने मिस्त्री किंवा इंग्रजी पुस्तके '६८ इंची गिअर' असे काही बोलतात, त्याचाही उलगडा येथे करून टाकू. पूर्वी इंग्लंडात पुढे प्रचंड मोठे आणि मागे इवलेसे चाक असलेल्या उंच सायकली होत्या. त्यांचे पायडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेले असे, चेन नव्हती. चाक जितके मोठे तितकी चाल जास्त, म्हणून लोक चाकाच्या इंचांवरून सायकल ओळखत. १८८० साली हान्स रेनॉल्ड याने मँचेस्टरला बुश असलेली रोलर चेन काढली आणि १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ले याची 'रोव्हर' ही सारख्या चाकांची, चेनची सायकल आली. चाके लहान झाली, पण मोजण्याची रीत तीच राहिली. २८ इंच गुणिले ४४ भागिले १८ केले की ६८ येतात. म्हणजे आपली रोजची सायकल ही ६८ इंच व्यासाच्या, माणसाच्या उंचीएवढ्या चाकाच्या सायकलीसारखी चालते. असे चाक दुधाच्या कॅनसकट चढावर ओढायचे म्हटल्यावर दमछाक होणारच की!

आता जड-हलके कसे होते ते पाहू. आपल्या कारखान्यात हे रोज डोळ्यांसमोर चालते. मिलचे टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे फिरते, आणि उसाचा रस काढणारा रोलर मिनिटाला जेमतेम चार-पाच. मध्ये गिअरबॉक्स असतो. फेरे घटले तितके बळ वाढले. टर्बाइन थेट रोलरला जोडले तर उसाची पहिली मोळी आत जाताच सगळे ठप्प होईल. सायकलीत टर्बाइनच्या जागी आपले पाय आहेत एवढाच फरक. आणि आपण नेमके उलटे करतो. पायाच्या एका फेऱ्याला चाकाचे अडीच फेरे मागतो. सपाट रस्त्यावर ते चालते, कारण तेथे ओढ थोडी असते. चढाला आणि ओझ्याला मात्र हिशेब चुकतो.

एक उदाहरण आकड्यांनीच घेऊ. माणूस ६० किलो, सायकल २० किलो, दूध आणि कॅन मिळून ४५ किलो. एकूण सव्वाशे किलो. रस्त्याला वीस फुटाला एक फूट असा चढ आहे. एवढ्या चढाला सायकल मागे ओढली जाते ती सव्वासहा किलोच्या जोराने. रस्त्याची घासट आणि वारा वेगळा. साडेसहा इंची क्रँक धरली तर पायडल एका फेऱ्यात सुमारे १०४ सेंटिमीटर वाट चालते. ४४ ला १८ असताना सायकल त्याच वेळात ५.४६ मीटर चढते. गुणाकार-भागाकार केला की पायावर सरासरी ३३ किलो जोर येतो. पण पायडल वर आणि खाली असते त्या दोन जागी पायाला जोर लावताच येत नाही. म्हणून मधल्या जागी सरासरीच्या दीडपटीहून थोडा जास्त, म्हणजे ५२ किलो जोर द्यावा लागतो. ६० किलोच्या माणसाने जवळजवळ सगळे अंग त्या एका पायावर टाकले तेव्हा कोठे सायकल हलते! ४८ ला १८ असेल तर हाच आकडा ५६ वर जातो. मागे २२ दाती टाकले, पुढे ४४ च ठेवले, तर सरासरी २७ आणि जास्तीत जास्त ४२ किलो. दर पावलाला दहा किलो ओझे उतरले. अर्ध्या किलोमीटरच्या चढाला ४४ ला २२ असताना पायडलाचे शंभराहून जास्त फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यात दोन्ही पाय एकेकदा दाबतात. सभासदांनी स्वतःच हिशेब करावा.

गुडघ्याची बाब यातच आली. सावकाश फेरे आणि प्रचंड जोर, असे वर्षानुवर्षे करणाऱ्याच्या गुडघ्यावर ताण पडतो. त्यातच सीट खाली दाबून बसवलेली असेल तर विचारू नका. टाच पायडलावर ठेवून पायडल अगदी खाली नेल्यावर पाय सरळ व्हावा, एवढी सीट उंच हवी. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून सीट खाली करतात आणि मग गुडघे छातीला लावून सायकल मारतात. हे थांबवायला हवे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

"पण मोठ्या दातीने चाल कमी होईल त्याचे काय?" ही शंका रास्त आहे. चाल कमी होते, यात लपवण्यासारखे काही नाही. मिनिटाला ६० फेरे मारले तर ४४ ला १८ वर तासाला साधारण पावणेवीस किलोमीटर, २० वर पावणेअठरा आणि २२ वर सोळा किलोमीटर चाल पडते. डेअरी चार किलोमीटर सपाटीवर असेल तर १८ दातीने सव्वाबारा मिनिटे, २२ दातीने पंधरा मिनिटे. पावणेतीन मिनिटांचा तोटा झाला. आता वाटेत अर्धा किलोमीटर चढ आहे आणि १८ दातीवर खाली उतरून सायकल ढकलावी लागते असे धरू. ताशी चार किलोमीटरने ढकलत गेल्यास साडेसात मिनिटे. २२ दातीवर बसून ताशी आठने गेल्यास पावणेचार. तेथे पावणेचार मिनिटांची बचत झाली, आणि भरलेले कॅन असलेली सायकल हाताने सावरताना होणारी कसरत टळली ती वेगळीच. ज्यांचा रस्ता सगळा कालव्याच्या भरावाने जातो, चढच नाही, त्यांना मात्र २२ दाती घेऊन तोटाच होईल. त्यांनी १८ वरच राहावे.

तेव्हा निवड करताना रोजच्या वाटेतला सर्वांत वाईट तुकडा कोणता, हे आधी ठरवावे. नेहमीच्या ओझ्यासकट तो तुकडा सीटवर बसून पार होतो का? होत असेल तर आहे ते फ्रीव्हील योग्य आहे. उभे राहून पायडल मारावे लागत असेल तर दोन दात वाढवावेत. उतरावेच लागत असेल तर चार दात वाढवावेत. आणि उलट, सपाटीवर पाय भिंगरीसारखे फिरतात पण सायकल पुढे सरत नाही असे वाटले तर दोन दात कमी करावेत. याहून अवघड नियम करण्याची गरज नाही. वाऱ्याचा विचारही यात करावा. आखाडात पश्चिमेचा वारा सुटला की सपाट रस्ताही चढासारखा लागतो. ज्यांची सकाळची भरली खेप पश्चिमेकडे जाते त्यांनी आपला रस्ता चढाचा आहे असेच समजावे.

१६ दातीविषयी दोन शब्द. तरुण पोरांना १६ दातीची हौस असते, कारण सपाटीला सायकल पळते. मोकळ्या सायकलीला आमची हरकत नाही. परंतु चेन छोट्या चक्राभोवती जास्त वाकते, आणि तोच ताण थोड्या दातांवर वाटला जातो. २२ दातीला अकराच्या आसपास दात धरतात, तर १६ दातीला जेमतेम आठ. दात आणि चेन दोन्ही लवकर झिजतात. ओझ्याच्या सायकलीला १६ दाती लावणे म्हणजे एका बैलाला दोन बैलांचा नांगर जुंपणे होय.

मुलींच्या सायकलींना बहुधा २६ इंची चाक असते, त्याचा घेर साधारण २०७ सेंटिमीटर. म्हणजे त्याच दातांवर ती आपोआप सात टक्के हलकी चालते. ४४ ला १८ वर एका फेऱ्यात ५.०६ मीटर पडतात. तरीही पंचेचाळीस किलोची मुलगी, पाठीला दप्तर आणि कॅरिअरवर मैत्रीण असा प्रकार असतो, हे आपण सर्वजण जाणतो. वाटेत चढ असेल तर २० दाती द्यावे. एका फेऱ्याला ४.५५ मीटर पडतील. सायकल जड म्हणून मुलगी दमून जाते आणि पावसाळ्यात शाळा बुडवू लागते, हे फ्रीव्हीलच्या किमतीपेक्षा महाग पडते.

काहीजण पुढचे चेनव्हील बदलू म्हणतात. त्या भानगडीत पडू नये. आपल्या काळ्या सायकलीत चेनव्हील बहुधा उजव्या क्रँकला पक्के बसवलेले असते, म्हणजे क्रँकसकट घ्यावे लागते. त्यासाठी कॉटर पिन हातोड्याने ठोकून काढायची, ती वाकली की नवी कानसून बसवायची. मागचे फ्रीव्हील स्वस्त आणि सुटसुटीत. शिवाय मागे एक दात बदलला की साडेपाच टक्क्यांचा फरक पडतो, पुढे एक दात बदलला तर सव्वादोनच टक्के. मागे थोडे केले तरी बरेच होते. फ्रान्सच्या टूर द फ्रान्स या मोठ्या शर्यतीत १९३७ पूर्वी चालता चालता गिअर बदलणाऱ्या यंत्राला परवानगीच नव्हती. तेथले नामांकित सायकलपटू मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांची चक्रे लावत आणि घाट लागला की उतरून चाक काढून उलटे बसवत. त्या पट्टीच्या लोकांनाही घाटाला मागे मोठीच दाती लागे. मग आपल्याला कमीपणा कसला?

आता बदलताना काय सांभाळायचे ते सांगतो. दोन दात वाढले की चेनला अर्धा इंच जास्त लांबी लागते. म्हणजे तीच चेन ठेवली तर मागचे चाक पाव इंच पुढे सरकते. चार दातांना अर्धा इंच. चिमट्याच्या खाचेत तेवढी जागा आहे का, मडगार्डला टायर घासत नाही ना, हे आधी पाहावे. जागा नसेल तर चेनमध्ये एक पूर्ण जोड वाढवावा लागतो. पूर्ण जोड एक इंचाचा असतो आणि त्याने चाक अर्धा इंच मागे जाते. हाफ लिंक मिळाली तर पाव इंचाने भागते. सळईचे ब्रेक असतील तर चाक सरकल्याबरोबर मागचे ब्रेकचे रबर रिमला नीट बसत नाहीत. ते पुन्हा जुळवल्याखेरीज सायकल ताब्यात घेऊ नये. मिस्त्री घाईत असला की नेमके हेच राहून जाते, आणि कळते ते भरल्या ओझ्याने उतारावर. फ्रीव्हील उतारावर मोकळे फिरते. दात किती का असेनात, ते सायकल अडवत नाही. अडवतो तो ब्रेकच.

नवे फ्रीव्हील जुन्या चेनवर चढवण्याची काटकसर करू नये. चेन मोजण्याची सोपी रीत आहे. फूटपट्टी पिनच्या मध्यापासून लावावी. नव्या चेनचे बारा पूर्ण जोड बरोबर बारा इंच भरतात. एक षोडशांश इंच, म्हणजे दीड मिलिमीटर वाढ दिसली तर चेन बदलावी. एक अष्टमांश, म्हणजे तीन मिलिमीटरपर्यंत ताणली असेल तर तिने दातही खाल्लेले असतात असे समजावे. झिजलेल्या फ्रीव्हीलचे दात कोयत्याच्या टोकासारखे एका बाजूला वळलेले दिसतात. अशा दातांवर नवी चेन टाकली तर ती जोर लागला की उडते, आणि ताणलेली चेन नव्या दातांवर टाकली तर नवे दात बिघडतात. वेळेवर चेन बदलली तर फ्रीव्हील दोन-तीन चेनींना पुरते.

जुने फ्रीव्हील काढणे हे अंगमेहनतीचे काम आहे. ते उजव्या आट्यांवर असते, आणि आपण पायडल मारत गेलो तसतसे आणखी आवळत गेलेले असते. दोन खाचांचा पाना त्यात बसवून वरून ॲक्सलच्या नटाने दाबून धरावा, म्हणजे पाना निसटून खाचा तुटत नाहीत. पाना शिकंज्यात पकडून चाकच उलटे, म्हणजे डावीकडे फिरवावे. पहिला झटका सुटला की नट सैल करायला विसरू नये. छिन्नी-हातोड्याने ठोकून काढणाऱ्या दुकानात सायकल देऊ नये. हबचे आटे गेले तर चाकच नवे बांधावे लागते. नुसते खटके, ज्यांना मिस्त्री 'कुत्रे' म्हणतात, ते साफ करायचे असतील तर फ्रीव्हील काढायची गरज नसते. वरची चकती उघडते. पण तिचे आटे उलटे असतात, उजवीकडे फिरवून सुटतात. हे ठाऊक नसल्याने अनेक चांगली फ्रीव्हीले निकामी झाली आहेत.

नवे बसवताना हबच्या आट्यांना ग्रीस लावावे आणि पहिले चार-पाच फेरे हातानेच फिरवावेत. आडवे लागले आहे असे वाटताच मागे फिरवून पुन्हा लावावे, जोर करू नये. चेन बसवल्यावर मध्यभागी बोटाने वर-खाली केली असता साधारण अर्धा इंच हलावी. एकाच जागी बघून भागत नाही. पायडल सावकाश पूर्ण फिरवून पाहावे, कारण चेनव्हील थोडे वाकडे असले की एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल होते. सर्वांत ताठ जागी सुद्धा थोडी ढील हवीच. मागून डोळा लावून पुढचे आणि मागचे चक्र एका रेषेत आहेत का तेही बघावे.

दुकानात जाताना कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात: पुढचे दात, आताचे मागचे दात, चाक २८ की २६ इंची, आणि बारा जोडांची लांबी. दुकानदार बहुधा सम दातांचीच फ्रीव्हीले ठेवतात; २० मागितले आणि "१८ च आहे, तेच घ्या, सारखेच असते" असे उत्तर मिळाले तर दुसरे दुकान पाहावे. बसवल्यावर पहिले तीन-चार दिवस मागच्या चाकाचे नट आणि चेनची ढील रोज तपासावी. नव्या फ्रीव्हीलचे आटे ओझ्याने आणखी बसतात आणि नवी चेनही सुरुवातीला थोडी सैलावते.